बिजलीचा मोतीबिंदू: ऑपरेशनच्या आधीचं सगळं

[दृश्य: सोसायटीचा जिना. लॅब्रेडॉर कुत्री पुढच्या पंजाने पायरी चाचपत उतरते.]

ही बिजली. वय नऊ, मुक्काम कोथरूड, पुणे. घरात ती कशालाच धडकत नाही, कारण सोफा, टीपॉय, पाण्याचं भांडं, सगळं तिला पाठ आहे. दिवाळीच्या साफसफाईत दिवाण सरकवला, ती त्यावर आदळली, तेव्हा कुठे घरच्यांना शंका आली.

[दृश्य: डोळा, अगदी जवळून.]

बाहुलीच्या आत दिसतंय ते पांढरं पडलेलं भिंग. बिजलीला मधुमेह आहे. रक्तातली जादा साखर भिंगात शिरते, तिथे तिचं सॉर्बिटॉल बनतं, ते पाणी ओढून घेतं आणि भिंग फुगून दुधाळ होतं. मधुमेही कुत्र्याची नजर अशी काही दिवसांतही जाऊ शकते. मांजरांना मधुमेहातही हा त्रास क्वचितच होतो. आणि हो, सातेक वर्षांनंतर बऱ्याच कुत्र्यांच्या डोळ्यांत निळसर झाक येते. तो मोतीबिंदू नव्हे, त्याला ऑपरेशन लागत नाही. पण हे ठरवू दे डॉक्टरांना.

‘पिकू द्या, मग बघू’ हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ऐकलेलं असतं. कुत्र्याच्या बाबतीत ते अजिबात ऐकू नका. पिकलेल्या भिंगातली प्रथिनं बाहेर झिरपतात, डोळा आतून सुजतो, आणि सुजलेल्या डोळ्यावरचं ऑपरेशन अवघड जातं. नेहमीच्या डॉक्टरांकडून नेत्रतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी लवकर घ्या.

[दृश्य: तपासणीची खोली. पापणीत अडकवलेली कागदी पट्टी.]

ही पट्टी एक मिनिट ठेवायची. अश्रूंनी ती पंधरा मिलिमीटर तरी भिजली पाहिजे. कोरड्या डोळ्यावरची जखम नीट भरत नाही. मग डोळ्यातला दाब. भिंगामुळे मागचं काहीच दिसत नाही, म्हणून डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) जागेवर आहे ना, हे सोनोग्राफी सांगते.

[दृश्य: अंधार. मॉनिटरवर हिरवी रेघ.]

इथे आमचे लाइट बंद करावे लागले, त्यामुळे चित्र धूसर आहे. हा ईआरजी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा ईसीजीच म्हणा. बुबुळावर कॉन्टॅक्ट लेन्ससारखा इलेक्ट्रोड, कातडीखाली बारीक सुया. प्रकाशाचा झोत पडतो, रेघ आधी खाली जाते आणि मग उसळी घेते. पडदा जिवंत आहे. रेघ सपाट राहिली असती, तर बिजलीचं ऑपरेशन झालंच नसतं. भिंग कितीही सुंदर बसवा, मागे पडदा काम करत नसेल तर उपयोग काय?

[दृश्य: घर. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ.]

आता खरी तयारी. ‘काकू, बाटली समोरून नको, डोक्यामागून आणा,’ असं कंपाउंडरने शिकवलंय. हनुवटी वर, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता एक थेंब, आणि लगेच खाऊ. खाऊ मात्र तिच्या रोजच्या वाट्यातलाच, कारण साखर सांभाळायची आहे. पहिल्या व्हिडिओत बिजली पलंगाखाली पळते. नंतरच्या व्हिडिओत बाटली पाहून स्वतःच येऊन बसते. ही सवय ऑपरेशननंतर लावू म्हटलं तर दुखऱ्या डोळ्यांशी झटापट होते.

गळपट्टा सुटला, हार्नेस आला, कारण मानेला हिसका बसला की डोळ्यातला दाब वाढतो. डोळा खाजवू नये म्हणून गळ्याभोवती लावतात तो प्लास्टिकचा कोन घालून जेवायची सवयही आधीच. दात, कान, कातडी यांचा संसर्ग आधी बरा करायचा. अंघोळ आधीच उरकायची, नंतर बरेच दिवस नाही. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी किती वेळ ठेवायचं आणि इन्सुलिन किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. मनाने डोस ठरवू नका.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून शस्त्रक्रिया.]

भूल दिली की कुत्र्याचा डोळा खाली फिरतो. तो मध्यावर स्थिर राहावा म्हणून स्नायू सैल करणारं औषध, आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर. सुमारे तीन मिलिमीटरची चीर. भिंगाच्या पिशवीला गोल खिडकी. ध्वनिलहरींची सुई भिंगाचा चुरा करते आणि ओढून घेते. मग घडी घातलेली कृत्रिम लेन्स आत जाऊन हळूहळू उलगडते. लेन्सची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात: माणसाची साधारण वीस-बावीस डायॉप्टरची, कुत्र्याची एकेचाळीसच्या आसपास. बिजलीचे दोन्ही डोळे एकाच बैठकीत झाले.

दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांना दिसू लागतं. बाकीच्यांत काचबिंदू किंवा पडदा सुटण्याचा धोका असतो, तो पुढेही राहतो, आणि खर्च मोठा आहे.

[दृश्य: जिना, पुन्हा बिजली. निवेदन नाही.]

[दृश्य: फ्रिजवर चिकटवलेला तक्ता.]

थेंब काही आठवडे, दिवसातून अनेकदा. दोन वेगवेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. डोळा लाल झाला, मिटून घेतला किंवा धुरकटला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दाबाची तपासणी मात्र आयुष्यभर.