ग्रॅम सोडा, मोल धरा

नमस्कार श्रोतेहो. परीक्षेआधी रसायनशास्त्राची उजळणी करायला बसलेल्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्याशेजारी बसलेल्या मोठ्यांसाठीही, आजचं हे बोलणं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. दोन-तीन गणितं आपण सोबतच सोडवू.

उत्तरपत्रिका तपासताना मला वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसत आली आहे. व्याख्या तोंडपाठ असतात, सूत्रं चोख असतात, समीकरणही नीट संतुलित केलेलं असतं, आणि तरी गणित चुकतं. घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी: समीकरणातले आकडे मुलं ग्रॅम समजून वाचतात.

पाण्याचंच बघा. दोन एच टू अधिक एक ओ टू, तयार होतात दोन एच टू ओ. यातला पहिला 'दोन' म्हणजे दोन ग्रॅम नव्हे, हायड्रोजनचे दोन रेणू. रेणू एकमेकांशी जुळतात ते संख्येनं, वजनानं नाही. पण रेणू मोजायचे कसे? आपल्या हाताशी असतो फक्त तराजू. तराजूवरच्या वजनावरून रेणूंची संख्या काढायची, तर मधे मोल लागतो.

डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. जेमतेम एक घोट पाणी, आणि त्यात एवढे रेणू!

या संख्येला इटालियन शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगॅड्रो यांचं नाव आहे, पण ती त्यांनी मोजलेली नाही. १८११ मध्ये त्यांनी मांडलं ते इतकंच, की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या घनफळाच्या वायूंत रेणूंची संख्याही सारखीच असते. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं या म्हणण्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कित्येक जण पाण्याचं सूत्र एच ओ असं लिहीत आणि ऑक्सिजनचं अणुवस्तुमान ८ धरत. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कानिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅव्होगॅड्रोंचा विचार पुन्हा पुढे आणला, तेव्हा कुठे तो गोंधळ निस्तरू लागला. म्हणून मोलपाशी अडखळणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते, खजील होऊ नका. भलेभले याच जागी अडले होते. आणि २०१९ पासून तर ही संख्या व्याख्येनंच पक्की केलेली आहे, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात, त्यात आता कमी-जास्त काही नाही.

आता कागदावर लिहा. हायड्रोजन १० ग्रॅम, ऑक्सिजन ६४ ग्रॅम. पाणी किती तयार होईल?

पटकन बघितलं तर वाटतं, हायड्रोजन थोडा आहे, तोच आधी संपणार. थांबा. मोल काढा. हायड्रोजनच्या रेणूचं वस्तुमान २, म्हणजे १० ग्रॅमचे झाले ५ मोल. ऑक्सिजनचं ३२, म्हणजे ६४ ग्रॅमचे २ मोल. समीकरण म्हणतं, एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन. मग २ मोल ऑक्सिजनला लागले ४ मोल हायड्रोजन. आपल्याकडे आहेत ५. म्हणजे सहापटीहून जास्त वजनाचा ऑक्सिजनच आधी संपला, आणि हायड्रोजन उरला! आधी संपतो तो मर्यादक अभिक्रियाकारक. पुढचं सगळं उत्तर त्याच्यावरूनच काढायचं. पाणी झालं ४ मोल, म्हणजे ७२ ग्रॅम. हायड्रोजन उरला १ मोल, म्हणजे २ ग्रॅम.

आता ताळा करा. सुरुवातीला १० आणि ६४, मिळून ७४. शेवटी ७२ आणि २, मिळून ७४. वस्तुमान कुठे जात नाही आणि कुठून येतही नाही. हा ताळा करायला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी तो करणारं मूल मला क्वचितच भेटतं. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण चूक स्वतःच्या हाताने पकडण्यातला आनंद त्या मुलांना मिळतच नाही.

वायूंच्या गणितात एकच पथ्य पाळा. एका मोलला २२.४ लिटर हा आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबालाच लागू आहे. तापमान वेगळं दिलं असेल तर तो वापरू नका.

मोलरता म्हणजे एक लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे किती मोल आहेत, तो आकडा. तिच्यात चूक होते ती शब्दांत. सोडिअम हायड्रॉक्साइड ४ ग्रॅम घेतलं. त्याचं वस्तुमान ४०, म्हणजे ०.१ मोल. आता '५०० मिलिलिटर पाण्यात टाकलं' आणि '५०० मिलिलिटर द्रावण केलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोलरता द्रावणाच्या घनफळावर ठरते. म्हणून आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, गार होऊ द्यायचं, आणि मग चंबूच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. अर्ध्या लिटरात ०.१ मोल, म्हणजे मोलरता ०.२.

राहिला सामू, म्हणजे पीएच: द्रावण किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी. तीव्र आम्लाची मोलरता ०.०१ असेल तर सामू २, त्याच्या दहापट विरल केलं तर ३. आणखी विरल करत १० चा उणे ८वा घात इथवर आलात, तर सामू ८ लिहू नका. आम्ल कितीही विरल केलं तरी आम्लारी होत नाही. तिथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयनही धरावे लागतात, आणि २५ अंशाला उत्तर येतं ६.९८ च्या जवळपास.

आता एक गणित तुमच्यासाठी. लोह ५.६ ग्रॅम, गंधक ६.४ ग्रॅम. दोन्ही तापवून एक लोह, एक गंधक असं आयर्न सल्फाइड तयार केलं. अणुवस्तुमानं ५६ आणि ३२ धरा. सल्फाइड किती झालं, आणि काय किती उरलं? उत्तर मी सांगत नाही. तुमच्या दोन आकड्यांची बेरीज १२ ग्रॅम भरते का, ते बघा. नमस्कार.