पाडलेल्या स्मारकाचं जोतं

नमस्कार. गडांवर हिंडणाऱ्यांना एक सवय लागते. वाडा नसतो, भिंत नसते, गवतात दगडांची एक ओळ दिसते आणि सोबतचा कुणीतरी सांगतो, "हे सदरेचं जोतं." लगेच आपण पायरी शोधायला लागतो, दार कुठल्या अंगाला असेल ते बघतो, उभं राहून पाहतो की इथून कुठवरचं दिसत असेल. आज हुकूमशहांच्या ज्या स्मारकवास्तूंविषयी मी बोलणार आहे, त्याही जोत्यापुरत्याच उरल्या आहेत. पण त्या ऊनपावसानं पडलेल्या नाहीत. त्या ठरवून, सुरुंग लावून पाडल्या. आणि पाडल्या ते योग्यच झालं, हे आधी सांगून टाकतो.

मग त्यांचा अभ्यास कशाला? कारण हुकूमशाहीचं स्मारक बांधणाऱ्याचं लक्ष दगडावर जितकं असतं, त्याहून जास्त लोकांच्या पायांवर असतं. माणसं कुठून येतील, कुठे थबकतील, मान कुठे वर करतील, तोंडातून काय निघेल, हे सगळं त्यानं आखलेलं असतं. दगड गेले तरी ही आखणी जमिनीवर राहते, आणि ती वाचता येते.

चेक देशाची राजधानी प्राग घ्या. जुन्या शहराच्या चौकातून पारिझ्स्का रस्त्यानं नाकासमोर चालत निघालात की वल्तावा नदी लागते, तिच्यावर चेखूव पूल, आणि पुलापलीकडे एकदम चढणारी लेटना टेकडी. रस्ता आणि पूल एका रेषेत आहेत. पूल १९०८चा, म्हणजे ही रेषा स्टॅलिनच्या किती आधीची! तिच्या टोकाला, टेकडीच्या अगदी कडेवर, १ मे १९५५ रोजी स्टॅलिनच्या स्मारकाचं अनावरण झालं. शिल्पकार ओटाकार श्वेत्स, वास्तुरचनाकार यिर्झी श्तुर्सा आणि व्लास्ता श्तुर्सोव्हा. समूहशिल्प साडेपंधरा मीटर उंच, २२ मीटर लांब, वजन सुमारे १७,००० टन. पुढे स्टॅलिन, त्याच्या मागे दोन रांगा, एक सोव्हिएत माणसांची आणि एक चेकोस्लोव्हाक माणसांची. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'मटणाची रांग'. खाटकाच्या दुकानापुढे ताटकळणाऱ्या शहराला त्या दगडी ओळीत दुसरं काय दिसणार?

आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. उंचीपेक्षा लांबी जास्त आहे. पण तेव्हाचे सरकारी फोटो पाहिलेत तर हे ध्यानात येत नाही. ते बहुतेक खालून, समोरून काढलेले. त्यात एकच उंच माणूस दिसतो, मागची माणसं त्याच्या आड जातात. बाजूनं काढलेल्या फोटोत तीच वस्तू एखाद्या भिंतीसारखी आडवी पसरते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, फोटो हा पुरावा आहेच, पण कॅमेरा कुठे उभा होता ते आधी शोधा. पुलावरचा दिवा, कठडा, पायऱ्यांची धार, अशी आजही जागेवर असलेली एखादी वस्तू फोटोत सापडली की तिथून माप धरता येतं. सावलीवरून दिवसाचा सुमार लागतो. आणि कुणाच्या तरी घरगुती अल्बममधल्या, हात दाखवणाऱ्या मुलाच्या फोटोत कोपऱ्यात आलेलं स्मारक कधीकधी सरकारी छायाचित्रापेक्षा जास्त खरं बोलतं, कारण तिथे त्याला भव्य दाखवायची कुणाला गरज नव्हती.

श्वेत्सविषयी थोडं थांबून बोलायला हवं. १९२४ मध्ये त्यानं वेगात वळणाऱ्या मोटारसायकलस्वाराचं शिल्प केलं होतं. वाऱ्यानं घासल्यासारखं, पुढे झेपावणारं. तोच हात तीस वर्षांनी ग्रॅनाइटची न हलणारी रांग घडवत होता. अनावरणाच्या आधीच त्यानं आत्महत्या केली. हे काम त्याला मिळालं, त्या दिवसापासून ते त्याचं राहिलं नव्हतं असं मला वाटतं. नकाशे वाचताना हा माणूस विसरू नये.

स्टॅलिन तर अनावरणापूर्वी दोन वर्षं, मार्च १९५३ मध्येच, गेला होता. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्याच्यानंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं त्याच्या व्यक्तिपूजेवर टीका केली आणि प्रागच्या डोक्यावर नको असलेले १७,००० टन उरले. नोव्हेंबर १९६२ मध्ये सुरुंग लावून ते उडवलं. उभं राहिलं जेमतेम साडेसात वर्षं.

उरलं काय? चौथरा, पायऱ्या, आणि पोटातल्या खोल्या. एवढा भार कडेवर पेलायचा म्हणजे टेकडीच्या आत आरसीसीचं मोठं काम करावं लागलं. कुणी बघणार नाही म्हणून त्यावर कसलीही सजावट नाही, आणि तीच या स्मारकाची सगळ्यात प्रामाणिक वास्तुरचना आहे. वर आज मुलं स्केटबोर्ड खेळतात. १९९१ पासून तिथे व्रातिस्लाव नोव्हाकनं उभारलेल्या प्रचंड मेट्रोनोमचा, म्हणजे संगीतात ताल मोजणाऱ्या यंत्राचा, लंबक डोलतो. चौकातून येणाऱ्या त्या रेषेच्या टोकाला डोळा काहीतरी मागतो, हे तो लंबक पाहिल्यावर पटतं.

आता जर्मनीतलं म्युनिक. इथे तर पावलांवरची सक्ती उघडीच होती. ९ नोव्हेंबर १९२३च्या हिटलरच्या फसलेल्या उठावात मेलेल्या, नाझींनी हुतात्मे ठरवलेल्या १६ जणांसाठी क्योनिग्सप्लाट्स चौकालगत १९३५ मध्ये दोन मंदिरं बांधली. आराखडा पाउल लुडविग ट्रूस्टचा, पण तो १९३४ मध्येच वारला होता. दोन्ही मंदिरांत आठ-आठ शवपेट्या, भोवती चौकोनी खांब, वर छप्पर नाही. चौकात वीस हजारांवर ग्रॅनाइटच्या फरशा घातल्या. समारंभात मेलेल्यांची नावं पुकारली जात आणि जमलेली तरुण पोरं एका सुरात 'हजर' म्हणत. खांबांमधली ती मोकळी जागा त्या आवाजासाठी होती. नुसता नकाशा पाहून हे कळणार नाही, समारंभाचा क्रम नकाशावर मांडावा लागतो.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेनं मे १९४६ मध्ये आदेश काढला की नाझी स्मारकं १ जानेवारी १९४७ पर्यंत नष्ट करा. मुदत उलटल्यावर काही दिवसांनी, त्याच जानेवारीत, मंदिरांचे खांब उडवले. शवपेट्या आधीच हलवल्या होत्या. जोती मात्र राहिली. झाडोरा त्यांच्यावर चढला आणि आज काँक्रीट पानांमधून डोकावतं. चौकातल्या फरशा १९८०च्या दशकाच्या अखेरीस उखडून पुन्हा हिरवळ केली. हिरवळ घातल्याबरोबर त्या चौकाचा आवाज बदलला असणार. दगडावरची टाच वाजते, गवतावरची वाजत नाही.

याच शहरात फेल्डहर्नहाले या कमानीदार जुन्या स्मारकाच्या बाजूला, रस्त्यावर, त्याच १६ जणांचा स्मृतिफलक होता. पहाऱ्याला शिपाई उभे. जवळून जाणाऱ्यानं हात उंचावून सलाम करायचाच. ज्यांना तो करायचा नव्हता ते मागच्या व्हिस्कार्डिगासे नावाच्या बोळात वळायचे. लोक त्या बोळाला म्हणायचे 'अंग चोरणाऱ्यांची गल्ली'. फलक १९४५ मध्ये गेला. बोळ आहे. त्याच्या फरसबंदीत १९९५ मध्ये कांस्य रंगाच्या दगडांची एक वळणदार वाट बसवली.  तुम्ही कधी गेलात तर फेल्डहर्नहालेकडून चालत या, कोपऱ्यावर थांबा, आणि तिच्यावरून वळा.