प्लॅटीच्या परावरचे काळे ठिपके

पडद्यावर दिसणारा हा जेमतेम दोन पेरांएवढा मासा म्हणजे प्लॅटी. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला असला, तरी आज शोभिवंत माशांच्या दुकानात तो सहज मिळतो. त्याच्या पाठीवरच्या परावर जे काळे ठिपके आहेत, ते जन्मजात असून त्यांचा त्याला काहीही त्रास नाही. शेजारी पोहणारा, शेपटीला लांब टोक असलेला मासा स्वोर्डटेल. घरच्या टाकीतल्या माशांना कर्करोग होतो का, या प्रश्नाचे सर्वांत खात्रीचे उत्तर या दोघांच्या संकरातून मिळाले आणि ते होकारार्थी आहे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग यांच्या असे लक्षात आले की, ठिपकेवाल्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केला असता पिल्लांच्या अंगावरचा काळा रंग वाढतो. आणि त्या पिल्लांचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर केला, तर पुढच्या पिढीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग होतो. गंमत अशी की, आजोबा-आजी दोघेही ठणठणीत असतात. प्लॅटीमध्ये या पेशींना बेसुमार वाढायला लावणारे एक जनुक असते आणि त्याला लगाम घालणारा घटक वेगळ्या गुणसूत्रावर असतो. वारंवार संकर केल्यावर काही पिल्लांच्या वाट्याला पहिले येते, दुसरा येत नाही. हे जनुक, एक्सएमआरके, १९८९ मध्ये ओळखले गेले. गॉर्डन यांनी जोपासलेल्या माशांचे वंशज आजही टेक्सास राज्यातल्या सॅन मार्कोस येथे संशोधनासाठी वाढवले जातात.

मात्र टाकीतल्या माशावर गाठ दिसली की ती कर्करोगाचीच, असे समजणे घाईचे ठरेल. लिम्फोसिस्टिस या विषाणुजन्य रोगात एकेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी फुगते, परावर पांढुरके दाणे येतात आणि बहुधा ते आपोआप जातात. कोई माशांवर थंड पाण्यात उठणारे मेणासारखे चट्टे नागीण-कुळातल्या विषाणूमुळे येतात व पाणी उबदार झाले की ओसरतात. ओरांडा गोल्डफिशच्या डोक्यावरचा मांसल मुकुट तर मुद्दाम निपजवलेला असतो. जाणकारांचीही फसगत झालेली आहे: विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांच्या गळ्याशी आलेल्या गाठींना कर्करोग म्हटले गेले, पण डेव्हिड मरीन यांनी ते गलगंड असल्याचे आणि आयोडीनने ते बरे होत असल्याचे दाखवून दिले. पक्के निदान गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते.

निदान झाल्यावर उपाय मर्यादित आहेत. गाठ वरवर असेल, तरच ती कापून काढण्याचा विचार होतो. सप्टेंबर २०१४ मध्ये मेलबर्नच्या एका पशुरुग्णालयात जॉर्ज नावाच्या गोल्डफिशच्या डोक्यावरची गाठ अशीच काढण्यात आली. त्यासाठी तीन बादल्या तयार ठेवल्या होत्या: एकीत पूर्ण भूल देणारे पाणी, दुसरीत भूल टिकवून ठेवणारे सौम्य पाणी, तिसरीत स्वच्छ पाणी. मासा बाहेर काढल्यावर नळीने त्याच्या तोंडात भुलीचे पाणी सोडले जात होते, जेणेकरून ते कल्ल्यांवरून वाहत राहील आणि श्वास थांबणार नाही. जॉर्ज तेव्हा दहा वर्षांचा होता. गोल्डफिश नीट सांभाळला तर वीस वर्षेही जगतो, त्यामुळे हा खटाटोप ऐकताना वाटतो तितका हौसेखातर केलेला नव्हता.