कर्णदादांचं स्टेडियम आणि तेरा नंबरचं दार

(दृश्य: जकार्ता, पहाट. प्रचंड गोल स्टेडियमभोवतीच्या रस्त्यावर पळणारी, चालणारी माणसं.)

सेनायान. जकार्ता जागी होते ती इथे पळायला येऊन. मागे दिसतंय ते गेलोरा बुंग कार्नो. इंडोनेशियात 'बुंग' म्हणजे दादा. आणि कार्नो म्हणजे आपला कर्ण. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो लहानपणी फार आजारी पडायचे, म्हणून वडिलांनी 'कुस्नो' हे नाव बदलून महाभारतातल्या कर्णावरून नवं नाव ठेवलं. 'सु'चा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. थोडक्यात, हे कर्णदादांचं स्टेडियम.

पण गोष्ट इथून सुरू होत नाही. ती सुरू होते मध्य जावातल्या सोलो शहरात.

(दृश्य: सोलो, श्रीवेदारी. जुनं, बैठं स्टेडियम.)

डच राजवटीत चांगली मैदानं डचांची. स्थानिक पोरांना तिथे मज्जाव. तेव्हा सोलोच्या गादीवरच्या दहाव्या पाकुबुवोनोंनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या माणसांसाठी हे मैदान बांधून घेतलं. पुढे १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला नव्या इंडोनेशियाला जाता आलं नाही. मग त्यांनी इथेच, ९ सप्टेंबरला, स्वतःची पहिली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरवली. ९ सप्टेंबर आजही तिथला राष्ट्रीय क्रीडादिन आहे. जगाने दार उघडलं नाही, तर आपलं अंगण आपणच सारवायचं, असा तो बाणा.

चौदा वर्षांनी दाराची किल्ली याच देशाच्या हातात आली.

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. लोखंडी सांगाडा, क्रेन, कामगार.)

१९६२च्या आशियाई स्पर्धा जकार्ताला मिळाल्या. पैसा आणि अभियंते सोव्हिएत रशियाचे, हट्ट सुकार्नोंचा. ते स्वतः बांडुंगमध्ये शिकलेले स्थापत्य अभियंता. छप्पर सलग कड्यासारखं, सगळ्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरणारं हवं, यावर ते अडून बसले. या रचनेला तिथे 'तेमु गेलांग' म्हणतात, म्हणजे दोन्ही टोकं जुळलेलं कडं. लाखाहून जास्त माणसं मावतील एवढं मोठं काम. सेनायानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बेतावी लोकांना मात्र त्यासाठी घरंदारं सोडून तेबेतला जावं लागलं. छप्पर दाखवणाऱ्या चित्रफिती पुष्कळ आहेत. ती घरं कुठे दिसत नाहीत.

स्पर्धा सुरू झाल्या, पण इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने येऊच दिलं नाही. ऑलिंपिक समितीतले भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी याला उघड विरोध केला आणि जकार्ता खवळली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला.

अशा वातावरणात ४ सप्टेंबरला याच मैदानावर फुटबॉलची अंतिम लढत झाली. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. खच्चून भरलेलं स्टेडियम आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवतंय. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तरी प्रशिक्षक रहीम यांनी त्याला पुढच्या फळीत खेळवलं. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा त्याच जर्नेलचा. २-१. एवढं विरोधात गेलेलं मैदान भारतीय फुटबॉलने क्वचितच जिंकलं असेल.

आणि याच स्पर्धांत सांगली जिल्ह्यातले दोन मल्ल कुस्तीला उतरले होते: कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर. दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. लाल मातीत घडलेली माणसं, आणि मॅटवर ही कमाई!

(दृश्य: पुन्हा आजचं सेनायान.)

इस्राएल-तैवानच्या त्या वादापायी ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केलं. सुकार्नोंनी १९६३ साली याच स्टेडियममध्ये 'गानेफो' ही स्वतंत्र स्पर्धा भरवली. सुहार्तो सत्तेवर आल्यावर नावातून कर्णदादा गेले, २००१ मध्ये परतले. लाकडी बाकांच्या जागी २०१८च्या आशियाई स्पर्धांसाठी सुट्या खुर्च्या आल्या आणि क्षमता ७७ हजारांच्या घरात उतरली. त्याच स्पर्धांत, पालेम्बांगमध्ये, दलदल बुजवून उभारलेल्या जाकाबारिंग संकुलात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं.

जुना प्रश्न मात्र सुटला नव्हता. २०२३च्या वीस वर्षांखालील विश्वचषकासाठी इस्राएलचा संघ पात्र ठरला, इंडोनेशियात विरोध पेटला आणि फिफाने यजमानपद काढून अर्जेंटिनाला दिलं. साठ वर्षांनी पुन्हा तोच उंबरठा.

(आवाज: हजारो फुगवलेल्या नळ्यांचा ठोका, आरोळ्या.)

हा आवाज शेजारच्या इस्तोराचा. 'इस्ताना ओलाहरागा', क्रीडामहाल. 'इस्ताना' हा शब्द आला संस्कृत 'आस्थान'वरून. १९६१ पासून ही बॅडमिंटनची पंढरी. प्रत्येक फटक्यासरशी सगळं सभागृह एका सुरात ओरडतं. इथे सायना, सिंधू खेळल्या. समोरचा खेळाडू घरचा नसला, तरी चांगल्या फटक्याला दाद मिळते. इंडोनेशियाचं प्रेक्षकपण पाहायचं, तर ते इथे पाहावं.

(दृश्य: आवाज थांबतो. पूर्व जावा, मालांग. एक दार.)

कांजुरुहान. आठव्या शतकातल्या एका राज्याचं हे नाव. त्या राज्याचा इसवी सन ७६० चा संस्कृत शिलालेख उपलब्ध आहे. मालांगच्या लोकांनी ते आपल्या स्टेडियमला दिलं.

१ ऑक्टोबर २०२२. घरचा अरेमा फुटबॉल संघ सुराबायाच्या पेर्सेबायाकडून २-३ ने हरला. काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, मैदानात आणि प्रेक्षकांच्या सज्जांवरही. स्टेडियममध्ये असा वायू वापरू नये, असं फिफाचे नियम सांगतात. डोळे चुरचुरत, श्वास कोंडत माणसं दारांकडे धावली. दारं अरुंद, काही बंद. १३५ जण गेले. आईबापांबरोबर आलेली मुलंही होती.

पुढे स्टेडियमची पुनर्बांधणी झाली. आता खुर्च्या आहेत, क्रमांक आहेत, जिने रुंद आहेत. पण मृतांच्या घरच्यांनी एक गोष्ट मागून घेतली, म्हणून त्याच दारांपैकी तेरा नंबरचं दार आहे तसं राखलंय. नव्या रंगाच्या भिंतीत जुनं दार लगेच नजरेत भरतं.

(दृश्य: दारावर कॅमेरा स्थिर. निवेदन नाही.)