पडद्यामागचे मानपान

तालीम सुरू आहे. बसवायची संगीतिका आहे ‘रोमोलो आणि एर्सिलिया’. विषय प्राचीन रोमचा आणि थाट गंभीर. पण मुख्य गायिका कोरिला अडून बसली आहे, कारण दुय्यम गायिकेबरोबर द्वंद्वगीत गाणे तिच्या इभ्रतीला शोभत नाही. एवढ्यात त्या दुय्यम गायिकेची आई, मम्मा आगाता, लेकीची बाजू घेऊन भांडायला आत शिरते आणि तोंड उघडताच खणखणीत पुरुषी आवाज नाट्यगृहभर घुमतो.

गाएतानो दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराचे ‘ले कोन्व्हेनिएन्त्झे तेआत्राली’ हे एकअंकी संगीत प्रहसन २१ नोव्हेंबर १८२७ रोजी नेपल्सच्या तेआत्रो नुओव्हो या नाट्यगृहात प्रथम रंगले, तेव्हा दोनिझेत्तीला तीस वर्षे पूर्ण व्हायला आठ दिवस उरले होते. बार्बाया या नाट्यगृहांच्या बड्या ठेकेदाराशी तीन वर्षांत बारा संगीतिका लिहून देण्याचा करार त्याने त्याच वर्षी केला होता. त्यामुळे तालमीतले रुसवेफुगवे त्याला कुणाकडून ऐकण्याची गरज नव्हती. मूळ कथा सोग्राफी या नाटककाराच्या १७९४ सालच्या विनोदी नाटकाची, पण संहिता दोनिझेत्तीने स्वतःच रचली.

शीर्षकातल्या ‘कोन्व्हेनिएन्त्झे’ या इटालियन शब्दाला आपल्याकडचा जवळचा शब्द म्हणजे मानपान. कोणत्या दर्जाच्या गायकाला किती गाणी मिळावीत, ती कोणत्या जागी यावीत आणि कुणी कुणाबरोबर गावे, याचे संकेत इटलीच्या नाट्यगृहांत लग्नघरातल्या मानपानाइतकेच कडक असत. दुय्यम पात्राच्या वाट्याला येणाऱ्या गाण्याला तर ‘सरबताचे गाणे’ म्हणत, कारण ते चालू असताना प्रेक्षक खुशाल थंडगार सरबत घेत बसत. आपल्या लेकीच्या गाण्याला अशी सरबताची वेळ येऊ नये, एवढेच आगाताचे म्हणणे. माझ्या मते ते अगदीच गैरवाजवी नाही.

नेपल्सच्या प्रयोगात गाण्यांच्या मधले संवाद बोलले जात आणि आगाता तिथल्या बोलीत बोलत असे. ही भूमिका जेन्नारो लुत्झिओ या विनोदी नटाने केली. स्त्रीपार्टी नटाच्या देखणेपणाच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाने इथे तशी अपेक्षा ठेवू नये. झगा घातलेला हा धिप्पाड बुवा पुरुष आहे हे कुणाच्या नजरेतून सुटू नये, यातच गंमत आहे.

पुढे काही गायक रागावून निघून जातात, मुख्य गायिकेचा नवरा प्रोकोलो एक भूमिका बळकावतो आणि दुसरी आगाताच्या हाती लागते. मग ती गाऊन दाखवते. रोसिनी या संगीतकाराच्या ‘ओतेल्लो’ या संगीतिकेतली डेस्डेमोना विलो वृक्षाच्या पायथ्याशी बसून गाते, ते गाणे १८१६पासून नेपल्सच्या रसिकांच्या कानात होते. आगाता त्यातल्या ‘सालिचे’ या शब्दाच्या जागी ‘साक्को’ म्हणते आणि झाडाचे पोते होते. शोकगीताचा सूर ओळखीचा आणि बाई बसली आहे पोत्याच्या पायथ्याशी!

२० एप्रिल १८३१ रोजी मिलानच्या कानोब्बियाना नाट्यगृहात या प्रहसनाची वाढवलेली आवृत्ती आली. तिच्यात सोग्राफीच्या १८०० सालच्या दुसऱ्या नाटकातला मजकूर मिसळला होता आणि बोललेल्या संवादांची जागा गायिलेल्या संवादांनी घेतली होती. शेवटी कंपनीचा आधार काढून घेतला जातो, घेणेकरी दाराशी येण्याची भीती उभी राहते आणि इतका वेळ मानासाठी भांडणारी मंडळी आपापली गाठोडी उचलून रात्रीच्या अंधारात पसार होतात. ‘रोमोलो आणि एर्सिलिया’चा पडदा काही उघडत नाही.