दुरुस्तीला दिलेली बंदूक आणि कायदा

शस्त्र परवानाधारकांशी बोलताना एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो: ‘साहेब, बंदूक तर बंदच पडली होती, मग गुन्हा कसला?’ आजच्या बोलण्याची सुरुवात मी याच प्रश्नापासून करतो, कारण दुरुस्तीच्या निमित्ताने प्रामाणिक माणसांच्या हातून ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ या समजुतीत आहे.

शस्त्र अधिनियम, 1959 मधील कलम 45 नादुरुस्त शस्त्राला सूट देते, हे खरे. पण ही सूट मिळते ती दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशाच शस्त्राला, आणि हा भाग सोयीस्करपणे वगळला जातो. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) दुनाळीची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी खीळ, झिजली आहे, घोडा पडल्यावर काडतुसाच्या टोपीवर जेमतेम खूण उमटते आणि बार उडत नाही, असे समजा. पिन बदलली की ती बंदूक पूर्ववत होते. किंबहुना आपण ती दुरुस्तीला नेतो, याचाच अर्थ ती दुरुस्त होण्यासारखी आहे असे आपण स्वतः मान्य करतो. तेव्हा ती घरातून निघते त्या क्षणापासून परत कपाटात जाईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने चालू बंदूकच असते. अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणून ‘नुसती नळी पिशवीत घालून पाठवली’ हा बचावही टिकण्यासारखा नाही.

आता ती नेणार कोण? मालकाने स्वतः, परवाना सोबत घेऊन, परवान्यावर नमूद असलेल्या क्षेत्रातच न्यावी, हे सर्वांत निर्धोक. परवाना एका राज्यापुरता असेल आणि चांगला कारागीर शेजारच्या राज्यात असेल, तर आधी परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पण मालक आजारी असतो, वयस्कर असतो, आणि अशा वेळी काय करायचे याचा विचार कायद्याने केलेला आहे. कलम 3 च्या परंतुकानुसार, म्हणजे मुख्य नियमाला जोडलेल्या अपवादानुसार, स्वतःकडे परवाना नसलेली व्यक्तीही परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकते. या तरतुदीत ‘लेखी’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. फोनवर सांगितलेले किंवा घरात सगळ्यांना माहीत असलेले इथे उपयोगाचे नाही.

वहीच्या फाडलेल्या पानावरची एक चिठ्ठी माझ्या चांगली लक्षात आहे. ‘पुतण्याला पाठवत आहे, काम करून द्यावे’ एवढाच मजकूर. शस्त्राचा क्रमांक नाही, परवान्याचा क्रमांक नाही, तारीखही नाही. नाकाबंदीत त्या मुलाला अडवले, आणि काकांची ओळख पटवून कागदपत्रे येईपर्यंत अख्खी रात्र त्याने पोलीस ठाण्याच्या बाकावर काढली. त्या पोलिसांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातला कागद त्या विशिष्ट बंदुकीबद्दल काहीच सांगत नव्हता. म्हणून माझा आग्रह असा की अधिकारपत्रात शस्त्राचा प्रकार, बोअर व क्रमांक, परवान्याचा तपशील, नेणाऱ्याचे पूर्ण नाव, कोणाकडे व कशासाठी नेले जात आहे आणि कोणत्या तारखांसाठी, हे सारे लिहून खाली सही करावी, आणि परवान्याची प्रत जोडावी. शस्त्र रिकामे असावे, पूर्ण झाकलेले असावे, आणि काडतुसे घरीच ठेवावीत. निवडणुकीच्या काळात शस्त्रे बाळगण्यावर मनाईचे आदेश निघतात, त्या दिवसांत पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय बंदूक बाहेर काढूच नये.

दुसरी बाजू दुरुस्त करणाऱ्याची. कलम 5 वाचले तर निर्मिती, विक्री, हस्तांतरण यांच्या पंक्तीला ‘दुरुस्ती’ हा शब्द आढळतो, आणि दुरुस्तीसाठी शस्त्र ताब्यात ठेवणे हेसुद्धा त्यात वेगळे नमूद केलेले आहे. म्हणजे या कामाला स्वतंत्र परवाना लागतो. गावातला लेथवाला कितीही हुशार असो, त्याच्यापुढे बंदूक ठेवणे म्हणजे त्याला एका गंभीर गुन्ह्यात ओढणे आहे. 2019 मध्ये कायद्यात झालेल्या बदलानंतर कलम 5 च्या उल्लंघनाला किमान सात वर्षे, आणि कमाल जन्मठेपेपर्यंत, शिक्षा आहे. मैत्रीखातर चाप नीट करून देणाऱ्याला या शिक्षेची कल्पनाही नसते, आणि मला या विषयात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच माणसाची.

प्रतिबंधित शस्त्रांचा मामला याहून कडक आहे. कलम 7 नुसार अशा शस्त्राच्या दुरुस्तीसाठी केंद्र सरकारने विशेष अधिकार दिलेला असावा लागतो. तेव्हा प्रतिबंधित बोअरचे शस्त्र ज्यांच्याकडे रीतसर परवान्याने आहे, त्यांनी नेहमीच्या दुकानदाराकडे जाण्याआधी त्याच्याकडे असा अधिकार आहे का, हे कागदावर पाहावे. चाप एकदा दाबून धरला की मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी रचना असलेले शस्त्र प्रतिबंधित ठरते, आणि मूळ रचना तशी नसताना नंतर तसा बदल केला तरीही ते त्याच वर्गात जाते. त्यामुळे ‘जरा चापाचे काम करून द्या’ या मोघम सांगण्यातही धोका आहे. नळी आखूड करणे हेही दुरुस्तीत मोडत नाही. त्याला कलम 6 खाली वेगळा परवाना लागतो.

राहिली गोष्ट क्रमांकाची. गंजलेल्या नळीला नवा रंग चढवण्याआधी ती घासली जाते, आणि त्या घासण्यात कारखान्याचे नाव व क्रमांक पुसट होतात. कलम 8 अशा खुणा पुसण्यास, बदलण्यास मनाई करते, आणि पुसलेल्या क्रमांकाचे शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच तो पुसला असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. म्हणून बंदूक देताना मिळालेल्या पावतीवर क्रमांक उतरवून घ्यावा, आणि परत घेताना कारागिराच्या नोंदवहीत सही करण्यापूर्वी, उजेडात, परवाना शेजारी धरून एकेक आकडा ताडून पाहावा.