धर्मराजाची पोथी आणि जकार्त्याचे सात शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

इंडोनेशियाला जाऊन आलेली मराठी माणसे एक गोष्ट हमखास सांगतात. जावा बेटावर प्रंबाननच्या प्राचीन देवळांसमोर 1961 पासून रामायणाचे नृत्यनाट्य होत आले आहे, आणि त्यात राम, सीता, हनुमान होणारे बहुतेक कलाकार मुसलमान असतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक असते, आणि कौतुकापाठोपाठ बहुधा एक निष्कर्षही येतो, की तिथला इस्लाम वरवरचा आहे, आत सगळे आपलेच आहे. मला आज या निष्कर्षाला विरोध करायचा आहे. ज्या देशातले सुमारे 87 टक्के लोक स्वतःला मुसलमान म्हणवतात, रोजे धरतात, हजला जाण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहतात, त्यांची श्रद्धा उसनी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिथे वाद नाहीत असे नाही. पण ते मुसलमानांचे आपापसातले वाद आहेत, पुष्कळदा शब्दांवरून झालेले आहेत, आणि राजसत्ता त्यांत उतरली की त्याची किंमत लिहिणाऱ्या माणसाने मोजलेली आहे. हे मी तीन-चार प्रसंगांतून सांगणार आहे.

पहिला प्रसंग वायांगच्या पडद्यासमोरचा. वायांग म्हणजे जावाचा चामडी बाहुल्यांचा छायाखेळ. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने अशाच चामड्याच्या बाहुल्या सांभाळल्या आहेत, त्यामुळे कोकणातल्या श्रोत्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणणे कठीण जाऊ नये. पांढरा पडदा, त्याच्यामागे टांगलेला दिवा, खाली आडवा घातलेला केळीचा खुंट, आणि त्या खुंटात खोचून ठेवलेल्या, म्हशीच्या चामड्यातून जाळीसारख्या बारीक कोरलेल्या बाहुल्या. बाहुल्या नाचवणारा आणि सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा असतो तो दालांग. तो मांडी घालून बसतो आणि रात्रभर उठत नाही; खेळ संपतो तो पहाटेच्या नमाजाच्या सुमारास.

या खेळातल्या युधिष्ठिराजवळ एक दिव्य वस्तू असते. तिचे नाव कालिमासदा. ते शस्त्र नाही, ती पोथी आहे, आणि तिच्या बळावर पांडवांचे राज्य टिकून आहे असे मानतात. जावाची लोकपरंपरा सांगते की ही पोथी म्हणजे 'कलिमा शहादत', म्हणजेच अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत ही इस्लामची साक्ष. यावर एक आख्यायिका आहे. महाभारताचे युद्ध होऊन युगे लोटली, भाऊ गेले, राज्य गेले, पण धर्मराजाला मरण येईना, कारण हातातली पोथी त्याला वाचता येत नव्हती. अखेर जावात इस्लाम पसरवणाऱ्या नऊ संतांपैकी सुनान कालिजागा त्याला वनात भेटले, त्यांनी ती पोथी वाचून दाखवली, आणि मग धर्मराजाने समाधानाने डोळे मिटले.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्यातल्या अदबीने मी थक्क झालो. जुन्या नायकाला इथे कोणी खोटे ठरवत नाही, हाकलून देत नाही. जे सत्य त्याच्या हातात आधीपासून होते ते त्याला वाचून दाखवले जाते. इस्लाम स्वीकारणाऱ्या समाजाने आपल्या पूर्वजांशी नाते कसे राखले, हे इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही.

तीच अदब मध्य जावातल्या कुडुस गावी विटांतून दिसते. कुडुस हे नावच अरबीतल्या 'अल-कुद्स', म्हणजे जेरुसलेम, यावरून पडले, आणि तिथल्या मशिदीच्या शिलालेखावर हिजरी 956, म्हणजे इसवी सन 1549, हे वर्ष आहे. पण मशिदीपुढचा मिनार पाहावा तर तो लाल विटांचा, पूर्व जावातल्या देवळासारख्या घाटाचा, आणि वरच्या मजल्यावर अजानीआधी वाजवायचा मोठा ढोल. सुनान कुडुस यांनी शेजारच्या हिंदूंचे मन राखण्यासाठी गाय कापू नये असे सांगितले, अशी तिथली समजूत आहे. कुडुसमध्ये बकरी ईदलाही परंपरेने म्हैस कापली जाते, आणि तिथली नावाजलेली सोतो, म्हणजे मांसाचे पातळ कालवण, म्हशीच्या मांसाची असते. चारशे-साडेचारशे वर्षे एखादा संकेत स्वयंपाकघरात टिकतो, तेव्हा तो दिखाऊ उरलेला नसतो.

भाषेतही हेच झाले. इंडोनेशियन मुसलमान रमजानच्या उपवासाला 'पुआसा' म्हणतो, तो आपला उपवासच. पापाला 'दोसा' म्हणतो, पुण्याला 'पहाला', म्हणजे फळ, आणि स्वर्गाला 'सुर्गा'. धर्माला 'आगामा' म्हणतो. हे संस्कृत शब्द कुराणाचा अर्थ सांगताना तो बिनदिक्कत वापरतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्यांच्या संसदेच्या नावात 'देवान' आणि 'रक्यात' हे शब्द आहेत, म्हणजे आपले दिवाण आणि रयत. मराठीने हे शब्द दरबारातून उचलले, मलायने, म्हणजे इंडोनेशियन भाषा जिच्यातून घडली त्या भाषेने, बंदरातून. त्या बंदरांचा माग आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो: पूर्व जावात ग्रेसिक येथे मलिक इब्राहिम यांच्या 1419 सालच्या कबरीवरचा कोरीव दगड गुजरातेतल्या खंबायतच्या घडणीचा आहे असे अभ्यासकांनी ओळखले आहे.

आता दुसरा प्रसंग, आणि तो कमी सुखाचा आहे. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे नावाची सल्तनत होती. तिच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बारुस हे कापराचे जुने बंदर. तिथल्या परंपरेत वाढलेला हम्झा फन्सुरी हा मलाय भाषेतला पहिला मोठा कवी मानला जातो. त्याने चार चरणांचा, चारही चरणांना एकच यमक असणारा 'स्याइर' हा काव्यप्रकार मलायमध्ये रुजवला. हा शब्द अरबीतल्या ज्या धातूवरून आला त्याच धातूवरून आपला 'शाहीर' आला आहे. हम्झा सूफी होता. ईश्वर आणि सृष्टी यांचे नाते सांगताना तो समुद्र आणि लाट यांचा दृष्टान्त देतो: लाट समुद्राहून वेगळी दिसते, पण तिला समुद्राबाहेर अस्तित्व नाही. आपले संतवाङ्मय ज्याने थोडेफार वाचले आहे त्याला हा दृष्टान्त घरचाच वाटेल.

1637 साली आचेच्या दरबारात एक विद्वान आले. त्यांचे नाव नूरुद्दीन अर-रानिरी, म्हणजे रांदेरचे. हे रांदेर सुरतेसमोर तापीच्या पलीकडच्या काठावर आहे. माणूस मोठ्या व्यासंगाचा. त्यांनी मलाय भाषेत राजांचा आणि जगाचा विस्तृत इतिहास लिहिला. पण हम्झाचा दृष्टान्त त्यांना धर्मबाह्य वाटला. ईश्वर आणि सृष्टी एकच म्हटली की ईश्वराचे ईश्वरपण उरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तात्त्विक आक्षेप म्हणून तो क्षुद्र नव्हता. तो ग्रंथांपुरता राहिला असता तर मलाय साहित्याला एक समृद्ध वाद लाभला असता. परंतु सुलतान इस्कंदर थानी रानिरींच्या बाजूला होता. हम्झाच्या पंथाचे लोक काफिर ठरवले गेले, काहींना मारण्यात आले, आणि त्यांचे ग्रंथ मोठ्या मशिदीसमोर जाळले गेले.

पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. 1641 मध्ये तो सुलतान वारला आणि त्याची राणी सफियातुद्दीन गादीवर बसली. तिच्यापासून 1699 पर्यंत आचेवर एकापाठोपाठ एक चार राण्यांनी राज्य केले. 1643 मध्ये त्याच वादातला दुसऱ्या बाजूचा एक विद्वान आचेत आला, दरबाराचे वारे फिरले, आणि 1644 मध्ये रानिरी रांदेरला परतले. नंतर अरबस्तानात एकोणीस वर्षे शिकून आलेले अब्दुर्रऊफ अस-सिंकिली राणीच्या आश्रयाला राहिले. त्यांनी मलाय भाषेत कुराणाचे पहिले संपूर्ण भाष्य लिहिले. मतभेद असलेल्या मुसलमानाला काफिर म्हणण्याची घाई करू नये, अशी त्यांची भूमिका होती. आणि हम्झा? त्याच्या ग्रंथांच्या काही प्रती बचावल्या, जावात त्याच्या लेखनाची भाषांतरे झाली, आणि त्याने रुजवलेला स्याइर पुढची तीन शतके मलाय कवितेचा मुख्य छंद होऊन राहिला. ज्यांनी त्याला धिक्कारले त्यांच्यानंतरच्या पिढ्याही त्याच्याच वृत्तात लिहीत राहिल्या.

तिसरा प्रसंग विसाव्या शतकातला. तोवर डच राजवटीखाली दोन मोठ्या इस्लामी संघटना उभ्या राहिल्या होत्या: 1912 मध्ये योग्यकार्तात अहमद दहलान यांनी स्थापलेली मुहम्मदिया, आणि 1926 मध्ये सुराबायात हाशिम अशअरी यांच्या पुढाकाराने निघालेली नहदतुल उलामा. पहिली सुधारकी, शाळा-दवाखाने काढणारी; दुसरी खेड्यापाड्यांतल्या निवासी धार्मिक शाळांची, म्हणजे पेसांत्रेनांची, जुनी वहिवाट जपणारी. 1945 मध्ये स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा राज्याचा पाया काय असावा हा प्रश्न उभा राहिला. 1 जूनला स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नो यांनी पंचशीलाचे, म्हणजे राज्याच्या पाच मूलतत्त्वांचे, भाषण केले. 22 जूनला झालेल्या तडजोडीत पहिल्या तत्त्वाला, म्हणजे ईश्वरावरील श्रद्धेला, एक पुस्ती जोडली गेली: 'इस्लामच्या अनुयायांवर शरियतीच्या पालनाचे बंधन ठेवून'. इंडोनेशियन भाषेत ही पुस्ती नेमकी सात शब्दांची आहे, आणि 'सात शब्द' एवढे म्हटले तरी तिथल्या माणसाला कळते.

17 ऑगस्टला स्वातंत्र्य घोषित झाले. पूर्वेकडील ख्रिस्ती बेटे या सात शब्दांमुळे फुटून निघतील, असा इशारा सुकार्नोंचे सहकारी मोहम्मद हत्ता यांच्यापर्यंत पोहोचला होता. 18 ऑगस्टच्या सकाळी त्यांनी मुस्लिम पुढाऱ्यांशी बोलणी केली आणि शब्द वगळले गेले. मुहम्मदियाचे की बागुस हादिकुसुमो यांना हे मान्य करणे फार जड गेले होते. त्या सात शब्दांच्या जागी आला तो शब्दप्रयोग 'महा एसा', म्हणजे एकमेव परमेश्वर. मुसलमानाला त्यात तौहीद, म्हणजे ईश्वराचे एकत्व, दिसावी आणि इतरांना परके वाटू नये, असा तो शब्द आहे. ही माघार होती असे काहींना वाटले, आणि त्या वाटण्यातून पुढे रक्तही सांडले: कार्तोसुविर्यो यांनी 1949 मध्ये इस्लामी राज्याची घोषणा करून चालवलेले बंड 1962 मध्ये त्यांना मृत्युदंड होईपर्यंत धुमसत होते. पण 2002 मध्ये सात शब्द परत आणण्याची मागणी पुन्हा निघाली तेव्हा या दोन मोठ्या संघटनांच्या नेतृत्वाने तिला साथ दिली नाही.

म्हणून सगळे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. 2001 च्या कायद्याने विशेष स्वायत्तता मिळालेल्या आचेत शरियतीच्या कायद्याखाली लोकांना भर चौकात फटके मारले जातात. जकार्त्याचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे राज्यपाल बासुकी पुर्नामा यांना कुराणातील एका आयतीविषयी केलेल्या विधानावरून 2017 मध्ये दोन वर्षांची कैद झाली; त्याआधी लाखोंचे मोर्चे निघाले होते आणि निवडणूक तोंडावर होती. श्रद्धेचा प्रश्न मतपेटीजवळ आणला की काय होते, हे त्या प्रकरणात स्पष्ट दिसले.

शेवटी एका माणसाविषयी बोलतो, कारण धर्म, साहित्य आणि राजकारण ही तिन्ही त्याच्या आयुष्यात एकत्र आली. पश्चिम सुमात्रातल्या मनिनजाऊ सरोवराकाठी 1908 मध्ये जन्मलेले हाजी अब्दुल मलिक करीम अमरुल्ला हामका या नावाने ओळखले जातात. वडील नामांकित धर्मपंडित, आणि मुलगाही तसाच. पण 1938 च्या सुमारास मेदानला एक साप्ताहिक चालवताना त्यांनी प्रेमकथा लिहिल्या. त्यांतल्या एका गाजलेल्या कादंबरीचा नायक मिश्र कुळातला म्हणून पश्चिम सुमात्रातला मिनांगकाबाउ समाज त्याला मुलगी देत नाही. आलिम माणसाने प्रेमकथा लिहाव्यात का, अशी टीका झाली. हामकांनी लिहिणे थांबवले नाही. 1962 मध्ये साम्यवाद्यांच्या जवळच्या वृत्तपत्राने त्याच कादंबरीवर वाङ्मयचौर्याचा आरोप करून त्यांच्यावर मोहीम चालवली. 1964 मध्ये सुकार्नो सरकारने त्यांना राजद्रोहाच्या संशयावरून पकडले आणि दोन वर्षांहून अधिक काळ स्थानबद्ध ठेवले. त्या काळात त्यांनी कुराणावरील आपले तीस भागांचे भाष्य लिहून काढले. ते वाचताना कादंबरीकाराचा हात जाणवतो. सुमात्राची गावे, तिथल्या म्हणी आणि माणसे त्यात येत राहतात.

जून 1970 मध्ये सुकार्नो वारले. ज्यांनी तुरुंगात टाकले त्यांच्या जनाजाच्या नमाजाचे इमाम हामका झाले. पुढे 1975 मध्ये, सुकार्नोंनंतर आलेल्या सुहार्तोंच्या राजवटीत, उलेमा परिषद, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांची परिषद, स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. 1981 मध्ये परिषदेने मुसलमानांनी नाताळच्या उपासनेत सहभागी होऊ नये असा फतवा काढला. परिषदेने तो मागे घ्यावा असे सरकारला वाटत होते. त्या फतव्याच्या आशयाशी मी सहमत नाही. पण मंत्र्याच्या सांगण्यावरून धर्ममत बदलता येत नाही, ही हामकांची भूमिका मला आदरणीय वाटते. त्यांनी मे महिन्यात राजीनामा दिला. 24 जुलै 1981 रोजी ते वारले. स्थानबद्धतेत लिहिलेले ते भाष्य इंडोनेशियात आणि मलेशियात आजही छापले जाते, आणि ती कादंबरीही.

नमस्कार.